विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर (धम्मगिरी, इगतपुरी): घरच्यांच्या बाजूनं एक परीक्षण

संध्याकाळी साडेसातला कुलपात किल्ली फिरते आणि घरातली माणसं हातातलं काम चालू ठेवून कान टवकारतात. बॅग खुर्चीवर ठेवली जाते की आपटली जाते, चपला जागेवर जातात की दारातच पडतात, ‘पाणी दे’ कुठल्या पट्टीत येतं, एवढ्यावरून त्या रात्रीचं जेवण कसं होणार ते सगळ्यांना कळतं. सहावीतली मुलगी टीव्हीचा आवाज आपणहून कमी करते. आजी पोथी मिटून आत जाते. अजून कुणी कुणाला अवाक्षरही बोललेलं नसतं, पण एका माणसाच्या पोटातली खदखद दोन खोल्यांत पसरलेली असते.

विपश्यना या ध्यानपद्धतीच्या शिबिरात ती शिकवणारे आचार्य सत्यनारायण गोयंका पहिल्याच प्रवचनात हाच मुद्दा घेतात. दुःखी माणूस आपलं दुःख स्वतःपुरतं ठेवत नाही, जवळ येईल त्याला ते वाटत सुटतो. म्हणून इथे या शिबिराचं परीक्षण ‘तिथे किती शांत वाटतं’ या मापानं केलेलं नाही. दहा दिवस फोन, टीव्ही आणि माणसं बंद केली तर शांत कुणालाही वाटेल. प्रश्न असा आहे की परत आल्यावर ती सहावीतली मुलगी आवाज कमी करायची थांबते का.

आधी व्यवस्थेचं बोलू. धम्मगिरी हे केंद्र १९७६ पासून इगतपुरीत आहे. गोयंका मूळचे म्यानमारमधल्या मंडालेचे व्यापारी, जन्म १९२४ चा. तीव्र अर्धशिशीनं हैराण झाले होते आणि त्यासाठी मॉर्फीनची इंजेक्शनं घ्यावी लागत होती. १९५५ साली ते तिथले विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पहिल्या शिबिराला बसले आणि १९६९ साली भारतात येऊन स्वतः शिकवू लागले. २०१३ मध्ये ते गेले, तरी शिबिरातल्या सूचना आणि प्रवचनं आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात असतात. समोर बसलेले सहाय्यक आचार्य शंकांची उत्तरं देतात आणि साधना नीट चालली आहे का ते बघतात. राहणं, जेवण, शिकवणं यांची कसलीही फी नाही. दान घेतात, पण ज्यानं निदान एक शिबिर पूर्ण केलं आहे त्याच्याकडूनच. आकडा कुणी सांगत नाही. खर्च होतो तो जाण्यायेण्याच्या तिकिटाचा आणि दहा-बारा दिवसांच्या रजेचा.

इगतपुरी कसारा घाटाच्या माथ्यावर आहे, मध्य रेल्वेवर. स्टेशनवरून रिक्षानं केंद्र जवळच आहे. पावसाळ्यात तिथला पाऊस गंमत म्हणून घेऊ नका. कपडे वाळत नाहीत, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यानं दोन जोड जास्त घ्यावेत आणि छत्रीबरोबर रबरी चपलाही न्याव्यात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेचारला हॉलपर्यंत चालताना कानटोपी आणि शाल लागतेच. बाकी सैल सुती कपडे, चादर, टॉर्च, साधं गजराचं घड्याळ, बिनवासाचा साबण आणि रोजची औषधं. घट्ट किंवा तोकडे कपडे चालत नाहीत. फोन, पुस्तक, वही, जपमाळ हे सगळं पहिल्या संध्याकाळीच जमा करावं लागतं.

दिवस पहाटे चारच्या घंटेनं सुरू होतो. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता, आठ ते नऊ सामूहिक बैठक, नऊ ते अकरा पुन्हा ध्यान, अकराला जेवण. बारा ते एकमध्ये विश्रांती किंवा आचार्यांना भेटायची वेळ. एक ते पाच ध्यान, त्यात अडीच ते साडेतीन सामूहिक. पाचला चहा, सहा ते सात सामूहिक, सात ते सव्वाआठ प्रवचन, मग पाऊण तास शेवटची बैठक आणि साडेनऊला दिवे बंद. बेरीज केली तर बसणं रोज दहा तासांच्या आसपास जातं. रात्रीचं जेवण नाही. नव्या साधकाला पाच वाजता चहा किंवा दूध, कुरमुरे, एखादं फळ मिळतं. जुन्या साधकाला, म्हणजे आधी शिबिर केलेल्याला, फक्त लिंबूपाणी.

पहिल्या संध्याकाळपासून आर्य मौन असतं. तोंडानं बोलायचं नाही, खाणाखुणाही करायच्या नाहीत. खोलीत पंखा बंद पडला तर धम्मसेवकाला (तिथल्या स्वयंसेवकाला) सांगता येतं, साधनेची अडचण आचार्यांना विचारता येते, एवढीच सूट. पुरुष आणि स्त्रिया पूर्ण वेगळे राहतात. नवरा-बायको एकत्र आले तरी दहा दिवस वेगळेच. मौनाचा उपयोग लोक समजतात त्यापेक्षा वेगळा आहे. बोलायला कुणी नसलं की आपली चिडचिड दुसऱ्यावर टाकायची जागाच उरत नाही. घरी भाजीत मीठ जास्त झालं की भाजी करणारी सापडते. इथे समोर फक्त भिंत असते, मग ती चिडचिड किती वेळ टिकते, कुठे जाते, हे पहिल्यांदा दिसतं.

पहिले तीन दिवस आनापान. लक्ष नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वरच्या त्या चिंचोळ्या जागेवर ठेवायचं आणि श्वास जसा येतो-जातो तसा जाणायचा. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे याचा प्राणायाम करणं. वर्षानुवर्षं अनुलोम-विलोम केलेली माणसं नकळत श्वास लांबवतात, मोजतात, रोखतात. मग दुसऱ्या दिवशी डोकं जड होतं आणि दोष साधनेला जातो. श्वास जाणवेनासा झाला तर चार-दोन श्वास थोडे जोरात घ्यायचे आणि पुन्हा सोडून द्यायचे, एवढंच. सोबत नामस्मरणही करू देत नाहीत. त्यावरून वारकरी घरातली माणसं दुखावतात, पण त्यात नामाचा अपमान नाही. नामानं मन एकाग्र होतं हे गोयंकाही मान्य करतात. इथे मात्र शरीरात आत्ता काय घडतंय ते बघायचं आहे आणि शब्द आला की ते झाकलं जातं.

श्वासच का? कारण राग आला की तो कळायच्या आधी श्वास बदलतो. भीतीचा श्वास वेगळा, हेव्याचा वेगळा. ज्या माणसाला स्वतःचा श्वास तुटक झालेला कळतो, त्याला बॅग आपटण्याच्या आधी दोन-तीन सेकंद मिळतात. या शिबिरात पदरात काही पडत असेल तर ते हे दोन-तीन सेकंद. कमी वाटतील, पण घरातलं बहुतेक तोडून बोलणं त्याच दोन-तीन सेकंदांत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत लक्ष क्रमानं फिरवायचं आणि जिथे जी संवेदना आहे (उष्णता, खाज, मुंग्या, ठणका, घाम, कपड्याचा स्पर्श) ती तशीच जाणून पुढे जायचं. हवीशी असली तरी चिकटायचं नाही, नकोशी असली तरी झटकायचं नाही. यालाच समता म्हणतात. त्यानंतर रोजच्या तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या होतात. तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात आणि पाय हलवायचे नाहीत.

ही बैठक जवळून पाहण्यासारखी आहे. पहिली वीस मिनिटं बरी जातात. मग उजव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला एक ठिणगी लागते. पस्तिसाव्या मिनिटाला तिचा जाळ होतो. चाळिसाव्याला साधक मनातल्या मनात व्यवस्थापनाशी भांडत असतो, शेजारच्याचा खोकला मुद्दाम वाटू लागतो, घड्याळ बंद पडलंय अशी खात्री होते. जबडा आवळलेला, खांदे कानाशी आलेले. पंचेचाळिसाव्या मिनिटाला, सहाव्या-सातव्या दिवशी केव्हातरी, काही जणांना एक गोष्ट लखकन दिसते. गुडघ्यात जे आहे ते गुडघ्याएवढंच आहे. बाकी सगळं, ते भांडण, खोकल्याचा राग, ‘हे संपत का नाही’ची तडफड, आपण वर चढवलेलं आहे. जबडा सैल सोडला तर दुखणं तेवढंच राहतं, पण त्रास निम्म्यावर येतो. मग दुखणंही स्थिर नसल्याचं कळतं. ते ठणकतं, सरकतं, मध्येच विरतं. अनित्य हा शब्द तोपर्यंत प्रवचनात अनेकदा ऐकलेला असतो, कळतो तो इथे.

घरी हाच गुडघा सासूबाईंच्या एका वाक्याच्या रूपात येतो. वाक्य कानावर पडलं की छातीत काहीतरी आवळतं, चेहरा तापतो. आपल्याला वाटतं आपण त्या वाक्याला उत्तर दिलं. खरं तर उत्तर आपण त्या आवळण्याला दिलेलं असतं. आवळणं नुसतं बघता आलं तर उत्तर देताही येतं आणि गप्पही बसता येतं, दोन्ही मोकळेपणानं. हे समजणं म्हणजेच सहावा-सातवा दिवस. त्याच्या आधी शिबिर सोडून जाणाऱ्याच्या हाती फक्त गुडघेदुखी लागते, म्हणूनच पूर्ण दहा दिवस थांबायचा आग्रह असतो. दुसरा आणि सहावा दिवस हमखास जड जातो. हे आधी माहीत असलं की ‘माझंच काहीतरी बिघडलं’ असं वाटत नाही.

आता सुधारता येणाऱ्या चुका. बैठक बुटकी असणं ही पहिली. कंबर गुडघ्यांपेक्षा वर हवी, नाहीतर पाठ मागे कलते आणि ताण कमरेवर येतो. हॉलमध्ये जादा उशा मागितल्या तर मिळतात. गुडघ्याची झीज असेल तर पहिल्याच दिवशी खुर्ची मागा. गुडघ्याचा विकार सहन करणं म्हणजे साधना नव्हे. दुसरी चूक जेवणाची. रात्री काही नाही या धास्तीनं अकराला दोन माणसांचं जेवतात आणि एक ते अडीच डुलक्या काढतात. पाऊण पोट पुरतं. तिसरी पाण्याची. दिवसभर बसून राहणं आणि बदललेल्या वेळा यांमुळे पोट साफ होत नाही आणि त्यानंच डोकं दुखतं. भरपूर पाणी प्यावं आणि मधल्या सुट्यांत चालावं.

या झाल्या शरीराच्या चुका. मनाची चूक जास्त खोल आणि ती बहुधा हुशार साधकाकडून होते. आठव्या दिवसाच्या सुमारास काहींना अंगभर हलकी, सुखद थरथर वाहताना जाणवते. दुसऱ्या दिवशी ती येत नाही. मग तो तीच शोधत बसतो, येत नाही म्हणून खट्टू होतो, घरी जाऊनही तिचीच आठवण काढतो आणि ‘तिथे जे होतं ते इथे नाही’ म्हणून घरच्यांवरच करवादतो. चिकटायचं नाही हे शिकायला आलेला माणूस शिकवणीलाच चिकटून परततो. आचार्य याबद्दल बजावतात, तरीही घडतं.

एका बाबतीत माझं मत शिबिरापेक्षा वेगळं आहे. वर येणारी प्रत्येक तीव्र वेदना जुन्या, जन्मोजन्मीच्या संस्कारांची आहे असा सूर प्रवचनांत असतो. ते न मानताही साधना पूर्ण करता येते. कुठलंही कर्मकांड नाही, देव बदलायला कुणी सांगत नाही, हेही खरं. पण पाली सुत्तांचं (बुद्धवचनांचं) पठण आणि बुद्धाची परिभाषा सगळीकडे आहे, तेव्हा ‘हे कुठल्याच परंपरेचं नाही’ अशा समजुतीनं कुणी जाऊ नये.

कुणी जाऊ नये याचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. अर्जात मानसिक आजार आणि औषधं यांबद्दल प्रश्न असतात. जागा जाईल या भीतीनं लोक तिथे खोटं लिहितात, कृपा करून तसं करू नका. ज्यांना आधी मनोविकृतीचा किंवा उन्मादाचा झटका येऊन गेला आहे, जे सध्या तीव्र नैराश्यात आहेत, ज्यांच्या मनात जीव द्यायचे विचार येतात, त्यांच्यासाठी दहा तास डोळे मिटून गप्प बसणं धोक्याचं ठरू शकतं. झोप उडते, घाबरेपणा वाढतो, वास्तवाचा धागा सैल होतो. गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोला आणि ‘आता मी ध्यान करतो’ म्हणून एकही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. अशा वेळी पहिला फोन केंद्राच्या कार्यालयाला नको, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर करा. ती सरकारी सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. रेकी किंवा तत्सम उपचार करणाऱ्यांना केंद्रही प्रवेश देत नाही. साधनांची सरमिसळ नको हे त्यामागचं कारण आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ‘सुख-दुःख आतच असतं’ हे वाक्य चुकीच्या माणसाच्या तोंडी गेलं की फार नुकसान करतं. मार खाणाऱ्या बाईला नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी ‘तू दहा दिवस बसून ये, तुझं मनच अस्वस्थ आहे’ म्हणणं ही फसवणूक आहे. तिचं मन अस्वस्थ आहे कारण घरात मारहाण आहे. तिथे महिला हेल्पलाइनचा १८१ किंवा तातडीच्या मदतीचा ११२ लागतो, ध्यानाची उशी नव्हे. चार महिने पगार थकलेल्या माणसाचंही तेच. समता म्हणजे अन्याय गिळणं नव्हे. शांत डोक्यानं तक्रार लिहिता येते, रागानं थरथरत्या हातानं ती अर्धवट राहते, एवढाच इथे साधनेचा उपयोग.

आणि घरात ज्याच्या मनःस्थितीवर सगळ्यांचा दिवस ठरतो, तोच बहुधा अर्ज करत नाही. अर्ज करते ती त्याला झेलणारी व्यक्ती. तिला मात्र दहा दिवस घर सोडणं सगळ्यात अवघड असतं: मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांची औषधं, डबे. जिथे ती जाते तिथे नवऱ्यानं दहा दिवस घर चालवलेलं असतं, आणि त्या घरात अर्धा फरक त्याच दहा दिवसांत पडतो असं म्हणायला हरकत नाही. म्हणून ज्याची बॅग आपटते त्यानं आधी जावं.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री शिकवतात आणि मौन सुटतं. आपल्या मनातली शांती, सद्भाव सगळ्यांना मिळो, अशी भावना तासाच्या शेवटी पाच-दहा मिनिटं करायची. ती अखेरीस ठेवण्यामागे कारण आहे: अंगात आग असताना ‘सगळ्यांचं भलं होवो’ म्हटलं तरी ते ओठांपाशीच राहतं. आधी आग ओळखायची, निवू द्यायची, मग वाटायला काही उरतं. गोयंकांच्या हयातीत, १९९४ साली तिहार तुरुंगात हजाराहून जास्त कैद्यांचं शिबिर झालं. एका माणसाचा संताप अख्ख्या बराकीला कसा पुरतो हे जिथे रोज दिसतं, तिथे हे शिकवणं सगळ्यात स्वाभाविक होतं.

मौन सुटल्यावर लोक एकदम बोलत सुटतात आणि संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं. बेतानं बोलावं. अकराव्या दिवशी सकाळी लवकरच सुटी होते. त्याच दिवशी ऑफिसला हजर राहायची किंवा रात्रभर गाडी चालवायची आखणी करू नका. कान, डोळे हळवे झालेले असतात, कल्याणच्या फलाटावरचा गोंगाटसुद्धा अंगावर येतो. नोकरी सोडणं, घटस्फोट, जमीन विकणं असे निर्णय निदान महिनाभर पुढे ढकलावेत.

शिबिराची खरी उणीव इथून पुढे आहे. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास रोज बसा, आठवड्याला सामूहिक बैठकीला जा, वर्षाला एक शिबिर करा, असं सांगतात. मुंबईत लोकलनं रोज तीन तास जाणाऱ्याला, बाळ तान्हं असलेल्या आईला दोन तास कुठून आणायचे, याचं समाधानकारक उत्तर तिथे मिळत नाही. परिणामी संध्याकाळचा तास आधी सुटतो, मग सकाळचा, आणि ‘जमत नाही’ या अपराधी भावनेनं सगळंच. पूर्ण तास नसेल तर वीस मिनिटं बसा, पण रोज आणि ठरल्या जागी, हा माझा सल्ला, केंद्राचा नव्हे. संध्याकाळची वीस मिनिटं घरी पोचायच्या आधी मिळाली तर सोन्याहून पिवळं. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की डोळे मिटून श्वास बघता येतो. उंबरठ्यावर पाऊल पडण्याआधी ऑफिस अंगातून उतरलेलं असतं.

घरी आल्यावर उपदेश करू नये. ‘तुम्ही प्रतिक्रिया देताय’ असं बायकोला सांगणारा नवरा ही शिबिराची सगळ्यात वाईट जाहिरात. घर शांत राहावं, मी ध्यानाला बसलोय म्हणून कुकरची शिट्टी होऊ नये, ही अपेक्षाही तशीच. शिट्टी हीसुद्धा एक संवेदनाच आहे. फरक पडला असेल तर तो तुम्हाला सांगावा लागणार नाही; राग येणं थांबणार नाही, पण आल्यावर तो दोन दिवसांऐवजी दोन तासांत उतरेल, आणि माफी मागायला पूर्वीइतकं जड जाणार नाही. आधी घरच्यांना कळतं, साधकाला पुष्कळ उशिरा.

अर्ज संकेतस्थळावरून होतो, जागा लवकर भरतात, म्हणून तारखा खुल्या होताच भरावा. निवड झाली की येणार असल्याचं पुन्हा कळवावं लागतं, ते विसरलं तर जागा जाते. शिबिराची भाषा वेळापत्रकात दिलेली असते, ती आधी पाहा. इगतपुरीचाच हट्ट नको: पुण्यात धम्मपुण्ण, आळंदीजवळ मरकळला धम्मानंद, कोल्हापूरकडे धम्मालय, नागपूरला धम्मनाग, नाशिकला धम्मनासिका, टिटवाळ्याला धम्मवाहिनी, सगळीकडे शिकवण अक्षरशः तीच. आणि दहा दिवस मिळतच नसतील तर बोरिवलीहून गोराईची खाडी ओलांडून ग्लोबल विपश्यना पॅगोडाला जा. तिथे येणाऱ्यांना थोड्या वेळाचं आनापान विनामूल्य शिकवतात.